आठव्या वर्षीचा होकार कुणाचा? मॉर्मन चर्चच्या अध्यक्षमंडळाला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष डॅलिन एच. ओक्स,
समुपदेशक हेन्री बी. आयरिंग आणि डी. टॉड ख्रिस्टॉफरसन,
फर्स्ट प्रेसिडेन्सी, द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स,
सॉल्ट लेक सिटी, युटा.

सा. न. वि. वि.

माझी मुलगी नुकतीच आठ वर्षांची झाली. तुमच्या चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा व्हायचा तर पालकांची परवानगी लागते. तिच्या बाबाने ती आनंदाने दिली आहे. तो पाचव्या पिढीचा सभासद, त्याचे पूर्वज हातगाड्या ओढत, मैदानं तुडवत युटाला पोचलेले. मी मूळची सांगलीची, तुमच्या चर्चची सभासद नाही, आणि घोडं माझ्यापाशी अडलं आहे. आमच्या वॉर्डच्या, म्हणजे इथल्या स्थानिक मंडळीच्या, बिशपांनी एकदाही घाई केली नाही. 'शंका असतील तर वर लिहा,' असं ते म्हणाले. मनापासून म्हणाले की विषय टाळायला, ते मला कळलं नाही. मी मनावर घेतलं.

इंग्रजी प्रत टपालाने गेली आहे. नवऱ्याने ती तपासून दिली आणि त्याला न पटलेल्या एकाही वाक्याला हात लावला नाही, याची इथे नोंद करते. मराठीत उघडपणे लिहिते आहे ते माझ्या माणसांसाठी. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर 'हिच्या पोरीला बाटवतायत' इथपासून 'लग्नाच्या वेळीच विचार करायचा होता' इथपर्यंत सगळं बोलून झालं आहे, आणि त्यातलं काहीही मला म्हणायचं नाही. 'मॉर्मन' हा शब्द तुम्हाला नको असतो, २०१८ पासून चर्चचं पूर्ण नाव घ्यावं असा तुमचा आग्रह आहे, हेही ठाऊक आहे. पण मराठी वाचकाला ओळखीचा तेवढाच एक शब्द आहे. तो अधूनमधून येईल, राग नसावा.

वाचकांसाठी आधी नियम सांगते. कॅथलिक आणि इतर बऱ्याच ख्रिस्ती पंथांत तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो. तुमच्यात होत नाही. लहान मूल निष्पाप असतं, त्याचं धुवायचं असं काही नसतंच, अशी तुमची शिकवण आहे. तुमच्या चर्चमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. 'बुक ऑफ मॉर्मन'मध्ये मोरोनीच्या आठव्या अध्यायात एक बाप आपल्या मुलाला पत्र लिहितो, आणि लहानग्यांना बाप्तिस्मा देणं ही देवासमोर मांडलेली थट्टा आहे असं ठणकावतो. पश्चात्ताप आईबापांना शिकवा, मुलांना त्याची गरज नाही, म्हणतो. पुढे एप्रिल १८३० मधलं तुमचं प्रकटीकरण, म्हणजे देवाकडून आलेला संदेश, सांगतं की ज्याला जबाबदारीची जाण आली आहे आणि पश्चात्ताप करता येतो, त्यालाच चर्चमध्ये घ्यावं. मग नोव्हेंबर १८३१ मध्ये ओहायोतल्या हायरम गावी तुमचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांना आणखी एक प्रकटीकरण झालं आणि त्यात वय ठरून आलं: आठ.

म्हणजे तान्ह्यांचा बाप्तिस्मा तुम्ही ज्या कारणाने नाकारता, त्याच कारणावर आठ वर्षांच्या मुलांचा बाप्तिस्मा उभा आहे. मुलाने स्वतः समजून, स्वतः ठरवून पाण्यात उतरायचं. ते ठरवणं खरं नसेल, तर मोरोनीतलं ते कडक पत्र दुसऱ्या पंथांना लागू होण्याआधी तुम्हाला लागू होतं. मला एवढंच म्हणायचं आहे. तुमच्या बाप्तिस्म्याला माझा विरोध नाही. आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडी 'मी निवडलं' हे वाक्य घालायला आहे.

एका रात्री जेवताना मी तिला विचारलं, 'तुला का घ्यायचा आहे गं बाप्तिस्मा?' तिने बोटांवर मोजत कारणं सांगितली. आयडाहोची आजी येणार आहे. पांढरा ड्रेस मिळणार आहे. प्रायमरीतल्या, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या शाळेतल्या, तिच्या वर्गात तिच्याआधी वाढदिवस झालेल्या सगळ्यांचा झाला. पाप धुतलं जातं. (कुठलं पाप, विचारल्यावर बराच विचार करून तिने मामेभावाची खोडी काढल्याचं सांगितलं. तो सांगलीत असतो आणि खोडी व्हिडिओ कॉलवर काढलेली होती.) आणि शेवटी, भाताचा घास तोंडात घेऊन, 'मग आपण कायम एकत्र राहू. मेल्यावरपण.'

मी गप्प बसले. तीच पुढे म्हणाली, 'तू पण घे ना. नाहीतर तू कुठे जाशील?'

महोदय, कुटुंब मृत्यूनंतरही अखंड राहतं, ही तुमची शिकवण मोठ्या माणसाला केवढा आधार देते हे मी जवळून पाहिलं आहे. माझे सासरे गेले तेव्हा सासूबाई ज्या शांतपणे वावरत होत्या, तो शांतपणा त्याच श्रद्धेतून आलेला होता. पण तीच गोष्ट आठ वर्षांच्या पोरीच्या हातात प्रश्न म्हणून दिली, की तिचं काय होतं बघा. 'हो' म्हटलं तर बाबा आणि आजी कायमचे. 'नाही' म्हटलं तर ते सुटले. आणि आईचं काय, ते कुणालाच नीट सांगता येत नाही. यातलं प्रायमरीच्या बाईंनी मुद्दाम काही शिकवलेलं नाही, त्या फार प्रेमळ आहेत. मुलीने स्वतःच जोडून घेतलं, कारण मुलं जोडतातच. आता तुम्हीच सांगा, एका बाजूला सगळी माणसं आणि दुसऱ्या बाजूला कुणीच नाही, अशा प्रश्नाला आठ वर्षांची मुलगी दुसरं कुठलं उत्तर देईल? चाळीस वर्षांचा माणूस तरी देईल का?

तिची कारणं मला खोटी वाटत नाहीत. आजी येणं हे जगातलं फार मोठं कारण आहे. फक्त ती सगळी कारणं माणसांवरच्या मायेची आहेत. त्यांतून देवाशी करार करण्याचा, आयुष्यभर त्याचा साक्षीदार होऊन उभं राहण्याचा, दुसऱ्याचं ओझं आपल्या खांद्यावर घेण्याचा निर्णय काढायचा असेल, तर तो मोठ्यांनीच काढावा लागतो. आणि मग तो मोठ्यांचाच निर्णय असतो.

गेल्या वर्षी माझ्या पुतणीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी हजर होते. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. चर्चच्या इमारतीत एका खोलीच्या भिंतीला सरकती दारं असतात, ती उघडली की मागे टाइल्स लावलेला छोटा हौद. वर तिरका आरसा बसवलेला, म्हणजे मागच्यांनाही पाणी दिसावं. पुढे जमिनीवर पोरांची गर्दी मांडी घालून. माझा दीर पांढऱ्या कपड्यांत आधी उतरला, मग पुतणी पायऱ्या उतरत गेली. तिने एका हाताने बापाचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने नाक दाबलं. त्याने प्रार्थना म्हटली, तिला मागे रेलवून पाण्याखाली नेलं आणि वर काढलं. दोन साक्षीदार बाजूला उभे होते, त्यांतल्या एकाने मान हलवली. वेणीचं टोक पाण्यावर राहिलं होतं. संपूर्ण बुडणं झालं पाहिजे, म्हणून पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळी ती खोकतच वर आली आणि मग हसली, आणि खोलीतले सगळेच हसले. सुंदर होतं ते सगळं. माझे डोळे भरून आले, हे कबूल करायला मला काहीच अडचण नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच मुलीने धाकट्या भावाला ढकललं आणि मग न्हाणीघरात जाऊन हमसून हमसून रडली. का, तर पाटी एकदा कोरी झाली होती आणि तिने एका दिवसात खराब केली. 'पुन्हा एकदा घेता येईल का?' असं ती जावेला विचारत होती. प्रत्येक रविवारी ब्रेड आणि पाणी घेताना तो करार नव्याने होतो, असं जावेने तिला समजावलं. उत्तर तुमच्या शिकवणीप्रमाणे बरोबर आहे. पण पाप, पश्चात्ताप आणि क्षमा यांची जाण आली आहे असं गृहीत धरून जिला आदल्या दिवशी पाण्यात उतरवलं, तिच्या मनातलं पापाचं चित्र फरशीवर सांडलेल्या शाईचं होतं, हे त्या न्हाणीघरात कळलं.

तुमच्या बाजूने एक उत्तर नेहमी मिळतं: आठ वर्षांच्या मुलाला बरं-वाईट कळतं. कळतंच. माझ्या मुलीला चोरी वाईट हे कळतं, खोटं बोललेलं लपवताही येतं, म्हणजे चांगलंच कळतं. पण बरं-वाईट कळणं वेगळं आणि जगात इतके धर्म असताना हाच खरा, असं ठरवून त्याला बांधून घेणं वेगळं. पहिलं ती रोज करते. दुसरं करायला, आपल्या आवडत्या माणसांचंही चुकत असू शकतं, एवढं तरी मनात येऊन जावं लागतं. जॉं पियाजे यांनी मुलांच्या नैतिक समजेवर १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला जे काम केलं, त्यात त्यांना हेच दिसलं होतं. या वयाच्या आसपासच्या मुलांना नियम मोठ्यांकडून आलेले आणि न बदलणारे वाटतात. ते आपण आपसात ठरवतो, बदलू शकतो, ही समज हळूहळू, पुढे येते. नंतरच्या संशोधकांनी पियाजेंच्या बऱ्याच गोष्टी दुरुस्त केल्या. आठ वर्षांची मुलं आईबापांच्या श्रद्धेपासून स्वतंत्र श्रद्धा निवडतात, असं काही कुणी दाखवलं नाही.

आणि चहा. तो सोडून पुढे गेले तर माझी मुलगी मला माफ करणार नाही. १८३३ सालच्या तुमच्या आरोग्यनियमाप्रमाणे सभासदाला चहा-कॉफी वर्ज्य. सांगलीला गेलो की माझी आई तिला आपल्या कपातला दोन घोट चहा बशीत ओतून देते. फुंकर मारून, बशी दोन्ही हातांनी धरून ती पिते, मग बशीतल्या शेवटच्या थेंबात बोट बुडवते. बाप्तिस्म्याचा विषय निघाल्यापासून तिचा प्रश्न हा आहे की बशीतला चहा आता पाप होणार का, आणि झाला तर ते तिला लागेल की देणाऱ्या आज्जीला. बाकी सगळ्या करारापेक्षा तिला याची काळजी जास्त आहे. मला हा फार हुशार प्रश्न वाटतो. पण तो आठ वर्षांच्या मुलीचा प्रश्न आहे.

जोसेफ स्मिथ यांची गोष्ट तुम्ही मुलांना पहिल्यापासून सांगता. ती मीही माझ्या मुलीला वाचून दाखवली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या खेड्यात चारी बाजूंनी वेगवेगळे पंथ ओढत असताना, यांतला खरा कुठला हे न कळल्यामुळे तो मुलगा १८२० च्या वसंतात रानात गेला आणि त्याने देवाला विचारलं. तेव्हा त्याचं वय चौदा. आपल्याला ही चिंता बाराव्या वर्षापासून लागली, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. बाप्तिस्मा घेतला तो मे १८२९ मध्ये, सस्क्वेहॅना नदीत, तेविसाव्या वर्षी. घरातली काही माणसं प्रेस्बिटेरियन झाली होती, त्याने त्यांच्यामागे जायचं नाकारलं. तुमच्या चर्चचा जन्मच एका मुलाच्या 'मला अजून ठरवता येत नाही' या वाक्यातून झाला. तेच वाक्य म्हणायची सोय आज त्याच्याच चर्चमधल्या मुलांना का नाही?

अध्यक्ष ओक्स, तुम्ही शिकागो विद्यापीठात कायदा शिकवलात आणि १९८० ते १९८४ या काळात युटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होतात. ख्रिस्टॉफरसनसाहेब, तुम्ही वॉटरगेटच्या काळात न्यायमूर्ती सिरिका यांचे लॉ क्लार्क होतात. तेव्हा कायद्याचं मी तुम्हाला काय सांगणार. सात वर्षांखालचं मूल गुन्हा करूच शकत नाही आणि सात ते चौदा या वयात त्याला पुरती समज नसावी असंच धरून चालायचं, हा कॉमन लॉचा जुना नियम तुम्हाला पाठ असेल. आमच्या भारतीय न्याय संहितेतही कलम २० आणि २१ मध्ये सात आणि बारा या वयांच्या रेषा आहेत. जर्मनीत १९२१ च्या कायद्याप्रमाणे मूल चौदाव्या वर्षी आपला धर्म स्वतः ठरवतं, आणि बारानंतर त्याच्या इच्छेविरुद्ध तो बदलता येत नाही. यातला कुठलाच आकडा आकाशातून पडलेला नाही. पण कुठेही, एवढ्या मोठ्या निर्णयासाठी, आठ नाही.

मुंबईच्या न्यायालयापुढे तर नेमका हाच प्रश्न आला होता, तोही जवळपास तुमच्या चर्चच्या जन्मकाळातच. १८३९ मध्ये धनजीभाई नवरोजी हा सोळा-सतरा वर्षांचा पारशी मुलगा जॉन विल्सन यांच्या स्कॉटिश मिशनमध्ये ख्रिस्ती झाला. पारशी समाज पेटून उठला, कोर्टात गेला. न्यायालयाने मुलाला त्याच्या मर्जीने जाऊ दिलं. चारच वर्षांनी, १८४३ मध्ये, नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले आणि त्यांचा सुमारे बारा वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्यापाठोपाठ मिशनऱ्यांकडे गेला. मुलाला तिथेच राहायचं होतं. पण न्यायालयाने या वेळी त्याला बापाच्या ताब्यात दिलं, कारण एवढा निर्णय घेण्याइतकं त्याचं वय नव्हतं. पुढे 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी त्या मुलाला शुद्ध करून जातीत परत घ्यावं म्हणून खटपट केली आणि त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. माझ्या सांगलीच्या नातेवाइकांना ही हकिगत मुद्दाम सांगते, कारण मुलांच्या धर्माचा प्रश्न आला की आपण लगेच 'त्यांनी' आणि 'आपण' असे दोन पक्ष पाडतो. त्या खटल्यात बापाच्या बाजूने निकाल गेला म्हणून मी तो सांगत नाही. बारा वर्षांच्या मुलाचा 'हो' त्या न्यायालयाला पुरेसा वाटला नाही, म्हणून सांगते.

आता सगळ्यात अवघड भाग, कारण तो तुमच्याच अलीकडच्या इतिहासातला आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये तुमच्या हँडबुकमध्ये एक नियम आला. समलिंगी जोडप्याच्या घरात वाढणाऱ्या मुलांना अठरा वर्षांपर्यंत बाप्तिस्मा मिळणार नाही, आणि त्यानंतरही आईबापांच्या तशा सहजीवनाला नकार दिल्यावरच मिळेल. गदारोळ झाला. ख्रिस्टॉफरसनसाहेब, तेव्हा चर्चच्या वतीने बोलायला तुम्ही पुढे आलात. हा नियम मुलांच्या रक्षणासाठी आहे, घरात एक आणि चर्चमध्ये दुसरं अशा ओढाताणीत त्यांना अज्ञान वयात ढकलायचं नाही, सज्ञान झाल्यावर ती समजून ठरवतील, असा तुमच्या बोलण्याचा आशय होता. एप्रिल २०१९ मध्ये तो नियम मागे घेतला गेला, आणि बरं झालं. कितीतरी घरांना त्याने घायाळ केलं, तो परत यावा असं मी स्वप्नातही म्हणणार नाही.

पण त्या नियमामागचं जे कारण तुम्ही सांगितलं, ते मी विसरू शकत नाही. घर एकीकडे आणि चर्च दुसरीकडे असेल तर लहान मुलाला त्यात निवड करायला लावू नये, हे तुम्हाला पटलेलं होतं. मग माझ्या घरातही दोन बाजू आहेत. देव्हाऱ्यात गणपती आहे, भिंतीवर सॉल्ट लेकच्या टेंपलचा फोटो आहे. त्या मुलांना जे वय कच्चं होतं ते माझ्या मुलीला पक्कं कसं? एका मुलासाठी अठरा आणि दुसऱ्यासाठी आठ, याचा उलगडा बिशपांना झाला नाही, नवऱ्याला झाला नाही. तुम्हाला होत असेल तर मला तो ऐकायचा आहे.

इथे माझीच माणसं मला थांबवतील. आपल्याकडे काय वेगळं आहे? बरोबर आहे. आश्वलायन गृह्यसूत्र ब्राह्मणाच्या मुलाची मुंज आठव्या वर्षी करायला सांगतं, म्हणजे हा आकडा आपल्या ओळखीचाच. माझ्या भावाची मुंज झाली तेव्हा मातृभोजन, गोटा, भिक्षावळ सगळं रीतसर झालं, आणि त्याला कुणीही एका शब्दाने विचारलं नाही. (मुलींना मुंज नाही, बहुतेक जातींना नाही. त्यावर मला वेगळं पत्र लिहायचं आहे, ते सॉल्ट लेकला जाणार नाही.) वसईच्या माझ्या मैत्रिणीचा बाप्तिस्मा ती काही दिवसांची असताना झाला, तिच्या वतीने तिच्या धर्म-मातापित्यांनी उत्तरं दिली. पण माझ्या भावाने मुंज 'निवडली' असं आमच्या घरात कधी कुणी म्हणालं नाही. आईबापांनी केली, त्याची झाली. पुढे त्याने जानवं काढून ठेवलं तेव्हा, दिलेला शब्द मोडलास, असं त्याला कुणाला म्हणता आलं नाही. शब्द त्याने दिलाच नव्हता. माझ्या मुलीला मात्र सोळाव्या वर्षी शंका आली, तर तिच्यापुढे तिचीच आठव्या वर्षीची सही असेल. 'तूच तर निवडलं होतंस.' हे वाक्य मी नवऱ्याच्या एका चुलत बहिणीला ऐकावं लागताना पाहिलं आहे. बोलणारी माणसं वाईट नव्हती, तिच्यावर जीव टाकणारी होती.

शिवाय बाहेर पडायचं दार आत येण्याच्या दारापेक्षा अरुंद आहे. आठव्या वर्षी तिच्या 'हो'ला वजन आहे. पण पंधराव्या वर्षी तिला सभासदत्व सोडायचं म्हटलं, तर तिच्या अर्जावर पुन्हा आमच्या सह्या लागतील. लहानपणी जबाबदार आणि मोठेपणी अजाण, असं उलटं वाढणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही.

१८३१ चं ते वचन मी पुन्हा पुन्हा वाचलं. ते मुळात मुलांशी बोलतच नाही, ते आईबापांशी बोलतं. आठ वर्षांची होईपर्यंत मुलांना शिकवलं नाही, तर पाप आईबापांच्या माथी, असं ते सांगतं. आठ हा आकडा मला तिथे आईबापांच्या जबाबदारीची खूण वाटतो. मुलाच्या वाढदिवसाला संपणारी मुदत तो कशी झाला, हे मला त्या ओळींत सापडत नाही. तुमच्याकडे धर्मशास्त्र माझ्यापेक्षा कितीतरी जास्त जाणणारी माणसं आहेत, त्यांनी माझं वाचन खोडून काढावं. पण वयं तुम्ही बदलता. २०१२ मध्ये तरुणांनी मिशनला, म्हणजे धर्मप्रसाराला, जायचं वय खाली आणलंत, २०१९ पासून मुलं बारा पूर्ण होण्याआधीच वरच्या वर्गात जाऊ लागली. याहून फार मोठ्या गोष्टी बदलल्या: १८९० मध्ये बहुपत्नीत्व सोडायचं ठरलं आणि १९७८ मध्ये कृष्णवर्णीयांना पौरोहित्य खुलं झालं. प्रकटीकरण चालूच असतं, हा तर तुमचा दावा आहे.

तरी मी वचनाला हात लावा म्हणत नाही. आठ हे कमीत कमी वय राहू द्या, त्याआधी नाही एवढंच. नऊ वर्षं पूर्ण झालेल्या मुलाची गणना आज नव्याने धर्मात येणाऱ्यांत होते आणि त्याला मिशनऱ्यांकडून धडे घेऊन त्यांच्यापुढे मुलाखत द्यावी लागते. पुढे येणाऱ्या त्या फेऱ्यामुळे आठवं वर्ष शर्यतीसारखं होतं. सभासदांच्या घरातल्या मुलांसाठी तो नियम सैल करा. बिशपांच्या मुलाखतीत एक वाक्य सक्तीचं करा: 'तू थांबलीस तरी देव, आम्ही आणि तुझ्या घरचे तुझ्यावर एवढंच प्रेम करू.' प्रायमरीत एखाद्या रविवारी असा मुलगा किंवा मुलगी उभी करा जी थांबली आहे, आणि तिला खाऊ द्या. अठराच्या आत ज्याला बाहेर पडायचं आहे, त्याची सही पुरे माना. आणि ज्या घरांत आईबापांनाच बाप्तिस्मा हवा आहे, त्यांना तसं सरळ म्हणू द्या. माझ्या सासूबाई तसंच म्हणतात, 'मला माझी नात पांढऱ्या कपड्यांत बघायची आहे.' त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि मला ते 'तिने निवडलं'पेक्षा कितीतरी जास्त पटतं.

यावर मला 'मग मोठी होईपर्यंत काही शिकवूच नये का?' असं विचारलं जाईल. शिकवा की. ती रविवारी बाबाबरोबर चर्चला जाते, जात राहील. प्रायमरीतल्या मुलांची ती हिरव्या ढालीची अंगठी ती झोपतानाही बोटातून काढत नाही. झोपायच्या आधी ती तुमची प्रार्थना म्हणते आणि मग माझ्याबरोबर 'शुभं करोति', हा क्रम तिनेच ठरवलेला आहे. मी फक्त करार पुढे ढकला म्हणते आहे.

तोवर माझी परवानगी नाही. हा निर्णय माझा आहे, तिचा नाही, आणि मी तिला तसंच सांगितलं आहे. 'तुला ठरवता येत नाही' असं म्हणून मी तिचा अपमान केला नाही, 'आईने ठरवलंय' एवढंच म्हणाले. ती रागावली आहे. बाबाच्या गळ्यात पडून रडली. 'आई मला चर्चमध्ये जाऊ देत नाही' असं तिने शाळेत सांगितल्याचं बाईंकडून कळलं. ते खरं नाही, पण तिचा राग खरा आहे आणि तो मला सोसायचा आहे. आणखी काही वर्षांनी, तुमच्या जोसेफच्या वयाला पोचून तिने पुन्हा मागितलं, तर हौदाजवळ टॉवेल घेऊन मी उभी असेन. नाही मागितलं, तरी सासूबाईंना मीच समजावेन. ते काम तुमच्या उत्तरापेक्षा अवघड आहे.

उत्तर द्याल की नाही, माहीत नाही. तुमचे सभासद पावणेदोन कोटींच्या घरात आहेत, आणि मी त्यांतली एकही नाही. पण द्यायचं झालंच, तर एक विनंती आहे. ते माझ्या मुलीला स्वतः वाचता येईल अशा सोप्या इंग्रजीत लिहा. ती तिसरीत आहे.

आपली,
तिची आई